सासऱ्यांची बोगनवेल आणि रोजची जाळी

पत्र असं आहे: "ताई, तीन वर्षांपूर्वी घरामागे छोटासा पोहण्याचा तलाव बांधला. काम करणाऱ्याने एका बाजूला बांबूची रांग लावून दिली, कोपऱ्यात बॉटलब्रश लावला. सासऱ्यांच्या हातची बोगनवेल आधीपासूनच होती. आता रोज सकाळी अर्धा तास मी जाळी घेऊन पानं उपसते आणि जाळी भिंतीला टेकवेपर्यंत पुन्हा वारा सुटतो. त्यात उन्हाळ्यात काठाची रोपं भाजून निघतात. गेल्या वर्षी बारा लावली, चार उरली. मला दहा झाडं सांगा, ज्यांचं पान गळत नाही आणि जी उन्हाला दाद देत नाहीत. पाणी मिठाच्या क्लोरिनेटरचं, म्हणजे मिठापासून क्लोरीन बनवणाऱ्या यंत्राचं आहे. घरात दोन लहान मुलं आणि दिसेल ते चावून बघणारा एक कुत्रा आहे. आणि हो, बोगनवेल तोडायची नाही, असा घरचा हुकूम आहे. – जाळीवाली"

प्रिय जाळीवाली,

पान न गाळणारं झाड मला अजून भेटलेलं नाही. सदाहरित म्हणजे पानं गळतच नाहीत, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ती झाडं वर्षभर थोडी थोडी पानं टाकत राहतात, तेव्हा तुमची जाळी वर्षभर सुटत नाही. त्यामुळे यादी देते, पण जरा दमाने. त्याआधी उद्या सकाळी एक काम करा.

स्किमरचं, म्हणजे पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाचं, झाकण उघडा, आतली टोपली काढा आणि जुन्या वर्तमानपत्रावर उपडी करा. पाणी निथळू द्या. मग त्या काळपट गोळ्यातून एकेक वस्तू सुटी करून वेगवेगळे ढीग लावा. काम किळसवाणं आहे, पण दहा मिनिटांत तुम्हाला कळेल की तुमचं भांडण नेमकं कोणाशी आहे.

माझा अंदाज सांगते. सगळ्यात मोठा ढीग बांबूचा निघेल. बांबू बाराही महिने पानं बदलतो. पान अरुंद आणि टोकदार, त्यामुळे टोपलीच्या भोकांत ते उभं घुसतं आणि निम्मं आत, निम्मं बाहेर अडकून बसतं. शिवाय नव्या कोंबांवरची वाळकी आवरणं गळतात. त्यांच्यावर बारीक कूस असते, हाताला लागली की खाजवत बसायचं. दुसरा ढीग दिसायला लहान असेल, लाल दोऱ्यांचा. ते बॉटलब्रशचे पुंकेसर. लहान अशासाठी की बाकीचे टोपलीतून निसटून केव्हाच फिल्टरपर्यंत पोचलेले असतात. तिसरा ढीग बोगनवेलीच्या गुलाबी कागदांचा. हे कागद पाण्यावर तरंगतात, लांबूनही दिसतात, म्हणून सगळी बोलणी त्यांना बसतात. खरा त्रास देणारा बांबू टोपलीत गप पडलेला असतो.

सांगायचं एवढंच की झाड किती गाळतं यापेक्षा काय गाळतं ते बघा. पाण्याकाठी मोठं आणि मोजकं गळणारं झाड चालतं, बारीक आणि सतत गळणारं चालत नाही. वितभर लांबीचं पान एका हाताने उचलता येतं. तेवढ्याच वजनाची चिंचेची पानं पडली तर? दाणा दाणा वेचत बसाल. म्हणून चिंच, गुलमोहर, शेवगा, कडुनिंब, सुरू ही बारीक पानांची मंडळी पाण्यापासून लांबच बरी. जांभूळ तर नकोच, त्याचा डाग फरशीवर बसला की बसला.

पाण्यात पडलेलं पान नुसतं वाईट दिसतं असंही नाही. ते कुजायला लागलं की क्लोरीन खातं. पाण्यात मोकळं क्लोरीन साधारण १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत एक ते तीन भाग) राहावं आणि पीएच ७.२ ते ७.८ च्या दरम्यान असावा, असं धरून चालतात. पालापाचोळा जितका जास्त, तितका हा ताळमेळ लवकर बिघडतो आणि शेवाळाला वाट मोकळी होते. काही पानांचा रंग तळाला उतरतो, तो घासून घासून हात दुखले तरी पुसट राहतोच.

आता वारा. एका काठीला हलकी फीत बांधून तलावाच्या चार बाजूंना आठवडाभर उभी करा, सकाळ-संध्याकाळ बघा. स्किमर सहसा असा बसवतात की वाऱ्याने ढकललेला कचरा त्याच्याच तोंडाशी यावा. म्हणजे स्किमरच्या समोरची बाजू ही वारा येण्याची बाजू असण्याची शक्यता मोठी. तिकडून काही गळलं की ते पाण्यावरूनच प्रवास करणार. त्या बाजूला शिस्तीची झाडं लावायची, थोडी बेशिस्त मंडळी पलीकडच्या अंगाला. तेच झाड, तेवढीच पानगळ, पण वाऱ्याखालच्या बाजूला उभं केलं तर कचरा कुंपणाकडे जातो. तुमचा बांबू कुठल्या बाजूला आहे ते पत्रात लिहिलेलं नाही, पण बांबू वाऱ्याच्या तोंडाशी असेल यावर मी पैज लावायला तयार आहे.

भाजलेल्या रोपांकडे वळते. तुम्ही दोष उन्हाला दिलात, पण तो अर्धाच खरा असावा. उरलेल्या चार रोपांची पानं जवळ जाऊन बघा. पानाच्या मध्यभागी, उन्हाकडे तोंड असलेल्या अंगावर फिकट, कागदासारखे चट्टे असतील तर ते उन्हाने भाजलेलं पान. टोकापासून आणि कडांवरून तपकिरी होत आत येत असेल, आणि जुन्या पानांवर जास्त असेल, तर बहुधा मीठ. तुमच्या पाण्यात मीठ साधारण ३,००० ते ४,००० पीपीएम असणार. समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५,००० असतं, त्या मानाने ही रक्कम किरकोळ वाटते. पण मुलं रोज उड्या मारतात, रोज तेच शिंतोडे त्याच मातीत पडतात, पाणी उडून जातं आणि मीठ तिथेच राहतं. महिन्याभरात मुळांना पाणी समोर असून पिता येत नाही, अशी गत होते.

यावर उपाय साधा आहे. पोहणं संपलं की काठच्या झाडांच्या पानांवरून साध्या पाण्याची नळी फिरवा. आठ-पंधरा दिवसांतून एकदा वाफ्याला भरपूर पाणी द्या, इतकं की ते खालून निघून जाईल आणि मीठ सोबत नेईल. त्यासाठी वाफ्याचा निचरा चांगला हवा आणि निचऱ्याचं पाणी तलावाच्या उलट दिशेला जायला हवं. फिल्टरचा बॅकवॉश, म्हणजे फिल्टर उलट्या प्रवाहाने धुतल्यावर निघणारं पाणी, मात्र वाफ्यात सोडू नका. वाया जातंय म्हणून जीव हळहळतो, मला कळतं, पण झाडांना ते मानवत नाही.

ऊन तर आहेच. काठाच्या झाडाला ते तीन दिशांनी लागतं: वरून, पाण्यावरून परतणारं आणि तापलेल्या फरशीतून येणारं. रोपवाटिकेत रोप हिरव्या जाळीखाली वाढलेलं असतं, त्याला या माऱ्याची कल्पनाच नसते. हे मी स्वतःच्या अकलेने शिकले. एका वर्षी ऐन उन्हाळ्यात चांगली तजेलदार मऊ घायपात आणली आणि त्याच दुपारी फरशीच्या कडेला लावून मोकळी झाले. चौथ्या दिवशी पानांवर बोटभर रुंद पांढरे पट्टे पडले, जणू कोणी इस्त्री टेकवली होती. झाड जगलं, पण ते पट्टे पुढची दोन वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला माझा उतावळेपणा सांगत उभे होते. तेव्हापासून नवं रोप आधी सावलीत, मग फक्त सकाळच्या उन्हात, मग हळूहळू दुपारच्या उन्हात, असं दोनेक आठवडे फिरवते आणि उन्हाळा तोंडावर असताना काहीही लावत नाही. तुमची बारापैकी आठ रोपं अशीच गेली असतील असं मला वाटतं. लावली कधी होती, आठवून बघा.

कुंड्या असतील तर आणखी एक. काळी प्लास्टिकची कुंडी उन्हात चटका बसेल इतकी तापते. आतली माती ४० अंशांच्या वर गेली की बहुतेक झाडांची मुळं कामच थांबवतात. मग वरून कितीही पाणी घाला, पान मान टाकतंच. फिक्या रंगाची, मोठी, जाड कुंडी घ्या किंवा लहान कुंडी मोठ्या कुंडीत ठेवा.

आता झाडं. दहा मागितलीत, आठ देते. ज्यांची खात्री नाही ती केवळ आकडा भरायला घालणार नाही.

पाण्याच्या कडेपासून पहिला मीटर-दीड मीटर हा शिंतोड्यांचा पट्टा. इथे समुद्रकाठी जगणारं काहीतरी हवं. सेसुव्हियम नावाची जमिनीलगत पसरणारी वेल घ्या. घोळेच्या भाजीसारखी मांसल पानं, बारीक गुलाबी फुलं. वाळूत आणि खाऱ्या पाण्यात ती मूळचीच राहते, तुमचे शिंतोडे तिच्या खिजगणतीत नाहीत. काठावरून पाण्यात उतरायला बघेल, तेवढी कात्री चालवत राहा. तिच्या मागे स्नेक प्लांट. उभी, ताठ पानं, वर्षानुवर्षं तीच. पान खराब झालं तर बुडातून कापायचं, गळण्याचा प्रश्नच नाही. सावकाश उन्हाची सवय लावलीत तर टिकतो, पाणी जास्त झालं तर मात्र बुडातून सडतो. तुमचा कुत्रा चावला तर त्याचं पोट बिघडू शकतं, म्हणून हा उंच कुंडीत ठेवा.

त्यामागच्या पट्ट्यात माझी सगळ्यात लाडकी दोन झाडं. पहिली ती मऊ घायपात, इस्त्रीवाली. बाकीच्या घायपाताच्या पानाला टोकाला सुईसारखा काटा असतो आणि मुलं पळणाऱ्या जागी तो कुठे लागेल या विचारानेच अंगावर काटा येतो. हिला काटाच नाही, ना टोकाला ना कडेला. पानांचा भलामोठा फिकट हिरवा गुलाब दिसतो. जुनं खालचं पान वाळलं की हाताने ओढून काढायचं, वर्षातून दोन-चारदा. रस काहींच्या कातडीला चुरचुरतो, तेवढे हातमोजे घाला. अनेक वर्षांनी कधीतरी माणसाहून उंच, वाकलेला फुलोरा येतो, मग तो गुलाब मरतो, पण तोवर बाजूला पिल्लं फुटलेली असतात. ऐन दुपारी थोडी सावली मिळाली तर ती जास्त सुंदर राहते.

दुसरं बर्ड ऑफ पॅरडाइज, केशरी-निळ्या चोचीच्या फुलांचं. त्यातही आखूड जात घ्या. केळीएवढी उंच जात वाऱ्याने फाटून चिंध्या होते. आखूड जातीचं पान चिवट, वाळलं तरी दांड्यावरच उभं राहतं, आपण कापेपर्यंत वाट बघतं. फूलही तसंच, दांड्यावरच सुकतं. फुलायला मात्र वेळ घेतं. बियांपासूनचं रोप तीन-पाच वर्षं थांबायला लावतं, म्हणून जुन्या गड्ड्याची फोड मिळाली तर तीच घ्या. हे शिंतोड्यांच्या पट्ट्यात लावू नका.

मुलं आणि कुत्रा यांच्या वावरासाठी निर्धास्त झाड म्हणजे पोर्तुलाकेरिया, छोट्या गोल पानांचा जेड. मूळ दक्षिण आफ्रिकेचा, तिथे हत्ती तो आवडीने खातात. ऊन, कोरडेपणा, विसरलेलं पाणी, सगळं सोसतो. धक्का लागला तर दोन-चार पानं आणि फांदीचे तुकडे पडतात, तेही मातीत टोचले की रुजतात.

बांबूच्या जागी आडोसा हवाच असणार, कारण पोहताना शेजारच्या गच्चीचं लक्ष कोणाला आवडेल? तिथे क्लुसिया. जाड, चामड्यासारखी पानं, त्यांवर नखाने नाव कोरलं तर ते उमटून राहतं (मुलांपासून लपवा, नाहीतर सगळ्या कुंपणावर सह्या होतील). ऊन आणि खारी हवा दोन्ही मानवतात. पान गळतं, पण मोठं आणि जड, पडलं तिथेच राहतं, वाऱ्याबरोबर पळत नाही. मोकळी सोडली तर मोठी होते आणि मुळं जोर धरतात, म्हणून पाण्यापासून दोन-तीन मीटर लांब आणि कायम छाटून, कुंपणासारखी ठेवा. फळं दिसली तर तोडून टाका.

उंचीसाठी एखादा फॉक्सटेल पाम. वाळलेली झावळी आपोआप, अख्खीच्या अख्खी पडते. महिन्याकाठी एखादी उचलायची, कोणाला झाडावर चढवायला नको. झावळी जड असते, तेव्हा लोक बसतात-पोहतात त्या जागेपासून चांगला तीन मीटर मागे लावा. फुलोऱ्याचा दांडा बाहेर आला की लगेच कापा, नाहीतर पुढे फळांचा सडा ठरलेला.

आठवं झाड यादीत घ्यावं की नाही यावर माझं मलाच उत्तर मिळत नव्हतं: पांढरा चाफा. फुलं गळतात, रोज गळतात. पण चाफ्याचं फूल पाण्यावर अख्खं तरंगतं, ओंजळीत उचलता येतं, आणि खरं सांगायचं तर ते उचलावंसं वाटतं. पानं हाताएवढी, कोरड्या दिवसांत थोड्याच काळात गळून झाड उघडं होतं आणि मग कित्येक आठवडे शांतता. चीक कातडीला त्रासदायक आणि फांद्या ठिसूळ, म्हणून मुलं लटकतील अशा जागी नको. वाऱ्याखालच्या बाजूला एकच लावा.

काय लावू नका ते थोडक्यात. कण्हेर, मग ती लाल असो वा पिवळी, उन्हाला पुरून उरते म्हणून हमखास सुचवली जाते. तिचा प्रत्येक भाग विषारी आहे, तुमच्या घरी नकोच. सायकस आणि झामिया दिसायला देखणे, कचरा शून्य, पण कुत्र्याने बी किंवा गड्डा चावला तर त्याच्या जिवावर बेतू शकतं. अडेनियमचंही तेच. वड, पिंपळ, उंबर, रबर या कुळातलं काहीही पाण्याजवळ नको. धड बांधलेल्या काँक्रीटमध्ये मुळं सहसा भोक पाडत नाहीत, पण तडा किंवा गळका पाइप सापडला की ती आत शिरतात. भेर्ली माडाची फळं अंगाला भयंकर खाजतात. तुऱ्यांची शोभेची गवतं फोटोत छान दिसतात. त्यांचा कापूस उडायला लागला की तुम्ही माझी आठवण काढाल.

वाफ्यावर लाकडी भुसा किंवा सालीचे तुकडे पसरू नका, पहिल्या जोरदार पावसात ते तरंगत पाण्यात येतात. बारीक खडीही नको, ती पायाबरोबर पाण्यात जाते. मुठीएवढे गुळगुळीत गोटे घाला. वाफ्याची माती काठापेक्षा चार बोटं खाली ठेवा. खत हलक्या हाताने आणि मातीत मिसळून. फॉस्फरसवालं खत पाण्यात वाहून गेलं की तुम्ही झाडांऐवजी शेवाळ पोसता. लोहाचं खत फरशीवर सांडलं तर गंजाचे ठिपके पडतात. पिठ्या ढेकणावरही नजर असू द्या, त्याचा चिकटा फरशीवर टपकतो आणि अनवाणी पायांना लागतो.

बांबू काढायचाच, पण घाईने नको. तो पश्चिमेला असेल तर सध्या दुपारचं ऊन तोच अडवतोय. सगळा एकदम काढलात तर उरलेली चार रोपंही जातील. आधी त्याच्या पुढे क्लुसिया लावा, ती कमरेएवढी होऊ द्या, मग बांबू टप्प्याटप्प्याने, गड्ड्यांसकट खणून काढा. खणण्याआधी तलावाचे पाइप कुठून गेलेत ते विचारून घ्या. बॉटलब्रश काढून टाकायचं मात्र मला वाईट वाटत नाही. त्याच्यावर मधमाश्या येतात, आणि तुमची मुलं अनवाणी असतात.

राहिली बोगनवेल. ती तोडायची नाही, आणि उपटून दुसरीकडे लावायचीही नाही. जुन्या बोगनवेलीला मुळं हलवलेली अजिबात खपत नाहीत, सासऱ्यांच्या देखत मरून जाईल. पाण्याच्या बाजूला झुकलेल्या फांद्या बहर ओसरल्यावर छाटून घ्या, तिचं वळण भिंतीकडे बांधा. तेवढ्यानेच निम्मे कागद कमी होतील. छाटलेल्या फांद्यांतून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वितभर लांबीच्या, जून झालेल्या काड्या निवडा, खालची पानं काढा आणि रेती मिसळलेल्या मातीत सावलीत लावा. आठ-दहा लावल्यात तर निम्म्या तरी फुटतील. ती रोपं वाऱ्याखालच्या कोपऱ्यात, कुंपणाशी न्या. काट्यांमुळे वाटेपासून हातभर आत. आणि काड्या निवडायचं काम सासऱ्यांनाच सांगा. वेल त्यांची आहे, कुठली फांदी जून आणि कुठली कोवळी हे तुमच्या-माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं.